कारण तोंडावर सांगता येतंय का? एचआरमध्ये नीतीनं काम करण्याची सविस्तर रीत

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक चौकशी 'केली' होती. एका सुपरवायझरची तक्रार होती की हाताखालचा माणूस हजेरीत गडबड करतो. संध्याकाळपर्यंत विषय संपवा, असं साहेबांचं फर्मान होतं. मी दुपारीच कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप केलं, तारीख घातली आणि मग त्या माणसाला बोलावलं. तो तळमळून बोलत होता, मी मान डोलावत होतो. पत्राचा कोपरा फाइलबाहेर डोकावत होता. त्यानं समोर बसून, उलट्या बाजूनं, स्वतःचं नाव वाचलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प झाला.

तक्रार ज्या दोन दिवसांची होती त्या दोन दिवशी हजेरीचं मशीनच बंद होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पत्र फाडलं, माफी मागितली. तो पुढे चार वर्षं तिथंच होता, पण एचआरच्या दारात पुन्हा आला नाही.

तेव्हापासून कर्मचाऱ्याबद्दलचा कुठलाही निर्णय सही करण्याआधी मी तीन प्रश्नांवर घासून बघतो. या निर्णयाचं खरं कारण मला त्याच्या तोंडावर सांगता येईल का? ज्या नियमावर बोट ठेवतोय तो त्याला आधी माहीत होता का? आणि निर्णय पक्का होण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं का? एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तर कागद कितीही चोख असला तरी काहीतरी चुकतंय.

हे प्रश्न काही मी शोधलेले नाहीत. 'दोन्ही बाजू ऐका' आणि 'स्वतःच्याच प्रकरणात न्याय देऊ नका' ही नैसर्गिक न्यायाची जुनी सूत्रं आहेत. जेराल्ड लेव्हेंथल या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेच्या सहा कसोट्या मांडल्या: सर्वांना एकच माप, पूर्वग्रह बाजूला, माहिती अचूक, चूक दुरुस्त करायची सोय, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं म्हणणं विचारात आणि रीत नीतीला धरून. हजेरीच्या त्या प्रकरणात मी यातल्या किमान चार मोडल्या होत्या, आणि तेही एका दुपारी.

नीतीनं वागणं म्हणजे गोड बोलणं नव्हे, हेही लगेच सांगून टाकतो. वाढदिवसाला केक कापणाऱ्या आणि इन्क्रिमेंटचं कारण विचारलं की नजर चुकवणाऱ्या एचआरपेक्षा, कडक पण सरळ बोलणारा एचआर लोकांना चालतो.

पहिली पायरी: आपण कोणाचे, ते आधी सांगा

एचआरचा पगार कंपनी देते आणि मन मोकळं करायला समोर बसतो कर्मचारी. हा पेच कायमचा आहे. तो लपवला की फसवणूक होते. सगळ्यात जास्त विश्वासघात एका वाक्यानं होतो: "बोल ना, आपल्यातच राहील." माणूस बोलतो, आणि तो छळाबद्दल किंवा धोकादायक यंत्राबद्दल बोलला असेल तर तुम्हाला गप्प बसता येत नाही. मग विषय वर जातो आणि त्याला वाटतं, कुंपणानंच शेत खाल्लं.

त्याऐवजी बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगा: "तुम्ही सांगाल ते मी गावभर करणार नाही. पण कोणाच्या सुरक्षेचा किंवा छळाचा विषय असेल तर मला तो पुढे न्यावाच लागेल. कोणाकोणाला सांगणार, ते मी तुम्हाला आधी सांगेन. हे चालत असेल तर बोला." काही जण उठून जातात. जाऊ दे. जे थांबतात ते पूर्ण माहितीनिशी थांबतात.

दुसरी पायरी: पगारपत्रक उघडा

नीतीची पाहणी पॉलिसीच्या पुस्तकापासून सुरू करू नका. पुस्तकं सगळीकडे छानच असतात. पगारपत्रकापासून सुरू करा, कारण आकडे लाजत नाहीत.

एक तक्ता करा. एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांना एका गटात घ्या. प्रत्येकापुढे रुजू झाल्याची तारीख, अनुभव, कामाची पातळी, सध्याचा पगार आणि गेल्या तीन वर्षांची वाढ लिहा. स्त्री-पुरुष, कायम-कंत्राटी अशीही नोंद ठेवा. मग गटातल्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी पगारावर बोट ठेवा आणि शेवटच्या रकान्यात फरकाचं कारण लिहा. रकाना छोटाच ठेवा. खरं कारण एका ओळीत मावतं.

अनुभव, जास्तीची जबाबदारी, रात्रपाळी, दुर्मीळ कौशल्य ही कारणं आहेत. 'त्यानं घासाघीस केली, तिनं केली नाही' हे कारण नाही, तो योगायोग आहे. 'आधीच्या नोकरीत तिला कमी होता' हेही नाही; तसं केलं तर दुसऱ्यानं केलेला अन्याय आपण पुढे चालवतो. म्हणून मुलाखतीत जुना पगार विचारायचंच थांबवा. जागेचा पगार जागेवरून ठरवा.

पदनावांवर जाऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या समान वेतनाच्या करारात 'सममूल्य काम' असा शब्द आहे, 'एकसारखं काम' असा नाही. फरक मोठा आहे. दोन वेगळी कामं तोलताना चार गोष्टी बघतात: लागणारं कौशल्य, शारीरिक-मानसिक श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. या तराजूत घातलं की 'मदतनीस' म्हटली जाणारी कितीतरी कामं अचानक जड भरतात.

तफावत सापडली तर जास्त पगारवाल्याचा कापू नका. कमी असलेल्याचा वाढवा. एका फटक्यात जमत नसेल तर किती टप्प्यांत आणि कोणत्या तारखांना, ते लिहून द्या. आणि गुपचूप वाढवू नका. "आमच्याकडून फरक राहिला होता, तो या महिन्यापासून भरून काढतोय" हे वाक्य म्हणायला जड जातं, पण ते म्हणा.

पगाराची तारीख पाळा आणि प्रत्येक कपातीपुढे कारण छापा, एवढं सांगून पुढे जातो. यावर वाद नसावा.

तिसरी पायरी: भरती, म्हणजे ओळख होण्याआधीचा न्याय

अर्ज उघडण्याआधी निकष लिहा. अर्ज बघून निकष लिहिले तर आवडलेल्या माणसाच्या मापाचा सदरा शिवला जातो. चार-पाच निकष पुरेत, प्रत्येकाला गुण ठरवा आणि 'आपल्यात मिसळेल का' हा निकष काढून टाका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आपल्यासारखा आहे का' एवढाच असतो.

नावाचा सुद्धा परिणाम होतो. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या अर्थतज्ज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. अर्ज मिळतेजुळते, काहींवर गोऱ्या समाजात रूढ असलेली नावं, काहींवर कृष्णवर्णीय समाजातली. गोरं नाव असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. २००४ मध्ये हा अभ्यास छापून आला. ते अर्ज चाळणाऱ्या माणसांना विचारलं असतं तर बहुतेकांनी 'आम्ही नाव बघतच नाही' असंच सांगितलं असतं. म्हणून पहिल्या चाळणीत नाव, फोटो, वय, पत्ता झाका.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक परीक्षकानं आधी आपापले गुण कागदावर लिहायचे, मग तोंड उघडायचं. ही शिस्त मोडली की सगळ्यात मोठा साहेब पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे आपले गुण खोडतात. लग्न, मूल, धर्म, घरची जबाबदारी हे प्रश्न नकोत. गप्पांच्या ओघातही नकोत.

जाहिरातीतलं काम आणि प्रत्यक्षातलं काम एकच आहे ना, हे रुजू होण्याआधी उमेदवाराला त्या टीममधल्या एका साध्या कर्मचाऱ्याशी बोलायला देऊन तपासा. साहेबाशी नव्हे. आणि नाकारलेल्यांना कळवा. दोन ओळी लागतात. तीन फेऱ्या घेऊन नंतर फोन न उचलणं हा साधा उद्धटपणा आहे.

चौथी पायरी: वेळ आणि रजा

दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा उद्योगांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ मधल्या पहिल्याच करारात आली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी रात्री दहाला 'फक्त एक छोटं काम होतं' असा मेसेज येतोच. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून अंदाज मांडला: २०१६ या एका वर्षात जास्त तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकारानं सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. सतत जागून काम करणाऱ्याला 'समर्पित' म्हणून बक्षीस देणाऱ्यांनी हे आकडे बक्षिसाच्या कागदावर छापावेत.

काय करायचं? गेल्या तीन महिन्यांतल्या नाकारलेल्या किंवा पुढे ढकललेल्या रजा काढा आणि त्या कोणत्या साहेबाच्या हाताखालच्या आहेत ते बघा. बहुतेक वेळा दोन-तीन नावांवर गठ्ठा पडतो. तिथं 'लोक कामचुकार आहेत' असं उत्तर मिळेल. तुम्ही माणसांची संख्या आणि कामाचा बोजा विचारा. शून्य रजा घेतलेल्यांची यादी वेगळी काढा. ती कौतुकाची यादी नसते. कोणाला रजा मागायची भीती वाटते, ते तिच्यात दिसतं.

पाचवी पायरी: अप्रेझलची वाक्यं

अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनाच्या, खोलीत माणसाला काही नवीन कळता कामा नये. वर्षभर गप्प बसून मार्चमध्ये तोफ डागणाऱ्या साहेबानं स्वतःचं काम केलेलं नसतं.

एक खरं वाटेल असं उदाहरण घेतो. फॉर्मवर लिहिलंय: 'वृत्ती सुधारण्याची गरज. टीमसोबत जुळवून घेत नाही.' हे वाचून माणसानं उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं? काहीच कळत नाही, आणि खोडताही येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हेच असं लिहा: 'गेल्या तिमाहीत तीन वेळा साप्ताहिक अहवाल ठरलेल्या दिवसानंतर आला, त्यामुळे पुढच्या विभागाचं काम थांबलं. दोनदा उशीर होणार हे आधी कळवलं नव्हतं.' आता माणूस सांगू शकतो की त्यातल्या दोन वेळा त्यालाच माहिती उशिरा मिळाली. म्हणजे वाद शक्य झाला, आणि वाद शक्य असणं हीच इथं न्यायाची खूण आहे.

फॉर्म परत पाठवायचा अधिकार एचआरनं वापरावा. 'वृत्ती', 'ॲटिट्यूड', 'स्वभाव' हे शब्द दिसले की लाल खूण करायची आणि तारीख, घटना, परिणाम मागायचे. पहिल्या वर्षी साहेब लोक चिडतात. दुसऱ्या वर्षी फॉर्म आपोआप सुधारतात.

ठराविक टक्के लोकांना 'वाईट' श्रेणी द्यायचीच, हा जो प्रकार असतो तो मला मुळातच अनैतिक वाटतो. सगळ्यांनी चांगलं काम केलं असेल तर कोणाला तरी बळीचा बकरा करावा लागतो, आणि मग कारण तोंडावर सांगता येत नाही.

सहावी पायरी: तक्रार आली, आता पुढे काय

इथं थोडा वेळ घालवू, कारण बरी माणसंही इथंच घसरतात.

तक्रार येण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त ठेवा. साहेबाविरुद्धची तक्रार साहेबामार्फतच द्यायची, हा नियम कागदावर असतो तिथं तक्रारी येत नाहीत. आणि मग 'आमच्याकडे शून्य तक्रारी' असं अभिमानानं सांगितलं जातं. शून्य आकडा दिसला की मला आधी शंका येते.

तक्रार तोंडी असली तरी ती तक्रारच. "लेखी द्या, मग बघू" हे वाक्य म्हणजे दार लावणं. तुम्ही स्वतः लिहून घ्या, वाचून दाखवा, दुरुस्त्या करू द्या, एक प्रत द्या. प्रत देणं महत्त्वाचं. त्याशिवाय माणसाकडे आपण बोललो होतो याचा पुरावा काय?

मुदती जाहीर करा. युरोपीय संघाच्या गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या २०१९ च्या निर्देशात तक्रार पोचल्याची पावती ७ दिवसांत आणि काय केलं याचं उत्तर ३ महिन्यांच्या आत अशी चौकट आहे. तुमच्याकडे असा कायदा असो-नसो, हे माप उचलायला हरकत नाही. लहान संस्थेत याहून लवकर जमतं.

चौकशी कोण करणार? ज्याच्यावर आरोप आहे त्याचा हाताखालचा माणूस नको, मित्र नको आणि ज्याची बढती त्याच्या हातात आहे असाही नको. आत कोणी मिळत नसेल तर बाहेरचा आणा. छळाची तक्रार असेल तर चौकशीच्या काळात दोघांना वेगळं करावं लागतं. तेव्हा सोय म्हणून तक्रारदाराचीच बदली करायचा मोह होतो, कारण तो सहसा कनिष्ठ असतो आणि त्याला हलवणं सोपं असतं. हे करू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंच ते सगळ्या मजल्याला दिसतं.

आरोप असलेल्या माणसाचाही हक्क तेवढाच. आरोप नेमका काय, कधीचा, कोणता पुरावा, हे त्याला लेखी कळलं पाहिजे, उत्तराला पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत, सोबत सहकारी आणता आला पाहिजे. मुलाखत घेताना एक साधी युक्ती वापरा: शेवटी विचारा, "मी कोणाशी बोललो नाही तर चूक होईल?" दोन्ही बाजूंना. साक्षीदारांची नावं अशी मिळतात जी फाइलमध्ये कुठंच नसतात.

छळाची व्याख्या तोकडी ठेवू नका. २०१९ मध्ये हिंसा आणि छळाबद्दल जो करार झाला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा, त्यात एकदाच घडलेलं वर्तनही धरलं आहे, नोकरीसाठी अर्ज करणारे आणि प्रशिक्षणार्थीही धरलेत, कामाच्या जागेबाहेरचा प्रवास आणि मेसेज, ईमेलही धरलेत. 'ऑफिसच्या बाहेर घडलं, आमचा संबंध नाही' हे उत्तर आता टिकत नाही.

निकाल लागला की तक्रारदाराला कळवा, शिक्षेचा तपशील नाही दिला तरी 'चौकशी पूर्ण झाली, अमुक बाबी सिद्ध झाल्या, पावलं उचलली' एवढं तरी. आणि कॅलेंडरमध्ये दोन तारखा घाला: तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. त्या दिवशी तक्रारदाराचं रेटिंग, शिफ्ट, वाढ आणि कामाचं वाटप तपासा. सूड लगेच घेतला जात नाही. तो पुढच्या अप्रेझलमध्ये, चांगल्या प्रोजेक्टमधून नाव गळण्यात, रजेच्या नकारात उगवतो. तोवर फाइल बंद झालेली असते आणि कोणी बघत नाही.

सातवी पायरी: नजर किती ठेवायची

कॅमेरा, लोकेशन, स्क्रीनचं रेकॉर्डिंग, कळफलकाची मोजदाद: हे सगळं स्वस्त झालंय, म्हणून लावलं जातं. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीतली दोन तत्त्वं कुठंही उपयोगी पडतात. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, आणि लागेल तेवढीच घ्यायची. दारावरचा कॅमेरा चोरीसाठी लावला असेल तर त्यावरून कोण किती वेळ बाहेर होतं याचा हिशेब मांडायचा नाही. वैद्यकीय कागद साहेबाच्या टेबलावर जात नाहीत. साहेबाला 'रजा मंजूर, अमुक तारखेपर्यंत' एवढंच कळतं.

अर्ज चाळणारी किंवा गुण देणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक नियम पक्का करा: 'सिस्टिमनं काढलं' हे उत्तर एचआरनं द्यायचं नाही. निर्णयाचं कारण सांगू शकणारा आणि तो बदलू शकणारा एक माणूस नावानिशी हवा.

आठवी पायरी: शिस्त आणि निरोप

चुकीला क्रम असतो: तोंडी समज, लेखी समज, शेवटचा इशारा. दोन टप्प्यांमध्ये सुधारायला खरा वेळ हवा. 'सुधारणा योजना' नावाचा कागद आधीच ठरलेल्या हकालपट्टीचा पडदा म्हणून वापरला जातो, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. तपासायची खूण सोपी: त्या योजनेत कंपनी काय करणार, कोणतं प्रशिक्षण, कोणाची मदत, आठवड्यातून किती वेळ, हे लिहिलंय का? सगळी कलमं कर्मचाऱ्यावरच असतील तर ती योजना नव्हे, निरोपाची तयारी आहे.

काढून टाकण्याबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ वा करार साधा आणि मोलाचा आहे. कामावरून कमी करायला वैध कारण हवं, आणि ते माणसाच्या क्षमतेशी, वर्तनाशी किंवा संस्थेच्या गरजेशी जोडलेलं हवं. वर्तन किंवा कामाचं कारण असेल तर बचावाची संधी आधी. कामगार युनियनचं सदस्यत्व, मालकाविरुद्ध केलेली तक्रार, गरोदरपण, आजारपणामुळे तात्पुरती गैरहजेरी ही वैध कारणं नाहीत. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. पण मला आजवर मनुष्यबळ व्यवस्थापनात याहून चांगली चेकलिस्ट मिळाली नाही. स्थानिक कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून वेगळं तपासाच. कायदा ही किमान पातळी, तिथून वर चढायचंय.

आता कपातीबद्दल. मंदी येते, कामं जातात, आणि कोणाचीही चूक नसताना माणसं कमी करावी लागतात. इथं पगारकपातीवरचा एक जुना प्रयोग आठवतो. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकानं १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी १५ टक्के पगार कापला गेला. एका ठिकाणी सुमारे दीड तास बसून आकडे दाखवले, कारण सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत घोषणा करून मोकळे झाले. कापलेले पैसे सारखेच, तरी दुसऱ्या कारखान्यात चोरीचं प्रमाण बरंच जास्त वाढलं आणि नोकरी सोडणारेही जास्त निघाले. पगार पूर्ववत झाला तेव्हा चोरीही खाली आली.

म्हणून कपातीची तयारी अशी करा. आधी इतर उपाय खरोखर संपलेत का ते कागदावर दाखवा: नवी भरती थांबली का, वरच्यांचे बोनस थांबले का, स्वेच्छेनं जाणाऱ्यांना विचारलं का. मग निवडीचे निकष लिहा आणि नावं टाकण्याआधी ते जाहीर करा. यादी तयार झाली की उलटी वाचा: नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलेली, नुकतीच तक्रार केलेला, वयानं मोठे, असा एखादा गट त्यात जास्त दिसतोय का? दिसला तर निकषात कुठंतरी माती आहे.

सांगण्याची बैठक. थेट साहेब आणि एचआर, दोघंच समोर. बातमी पहिल्या मिनिटात. 'कसं चाललंय' अशी सुरुवात करायची नाही, माणूस नंतर ते दहा सेकंद आयुष्यभर आठवतो. असं बोलता येईल: "वाईट बातमी आहे. तुमचं पद ३० तारखेपासून बंद होतंय. कारण तुमचं काम नाही. हा विभागच बंद होतोय. कोणते निकष लावले ते या कागदावर आहेत. मिळणारी रक्कम आणि तारखा दुसऱ्या पानावर." मग थांबा. शांतता भरून काढायची घाई करू नका. 'आम्हालाही खूप त्रास होतोय' हे त्या खोलीत म्हणायचं नाही. त्रास त्याला होतोय. ईमेल बंद करणं, ओळखपत्र काढून घेणं, सुरक्षारक्षकासोबत दारापर्यंत चालवणं, हे खरोखर धोका असेल तेव्हाच. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला खोक्यात सामान भरून सगळ्यांसमोर नेणं, हा उरलेल्या लोकांना दिलेला संदेश असतो आणि तो त्यांना बरोबर कळतो.

फुल अँड फायनल हिशेब, अनुभवाचं पत्र, शेवटची तारीख: तिन्ही कबूल केलेल्या दिवशी. राजीनामा दिलेल्यांचे पैसे 'बघू' म्हणून अडवणं आणि अनुभवपत्र ओलीस ठेवणं ही बळजबरी आहे, भले कितीही ठिकाणी चालत असो.

नववी पायरी: वरून चुकीचं करायला सांगितलं तर

हे कधीतरी होणारच. 'त्या गरोदर मुलीचं काहीतरी बघ', 'मागच्या तारखेचा इशारा फाइलला लाव', 'त्याला इतकं काम दे की स्वतःच जाईल.' पहिलं काम: सूचना लेखी मागायची. "साहेब, हे ईमेलवर टाका म्हणजे मी त्याप्रमाणे करतो" हे नम्रपणे म्हटलं की निम्म्या सूचना तिथंच विरतात. नाहीच विरली तर बोलणं झालं त्याच दिवशी स्वतः सारांश लिहून पाठवा: 'आज अशी सूचना मिळाली, यात अमुक जोखीम आहे, मला असा पर्याय दिसतो.' जोखमीची भाषा वापरा. नीतीची भाषा काही जणांना टोमणा वाटते, दाव्याचा खर्च मात्र लगेच कळतो. पर्याय नेहमी सोबत ठेवा, कारण नुसता नकार देणाऱ्याला बाजूला सारणं सोपं असतं.

मागच्या तारखेचा कागद मात्र करायचा नाही. तिथं पर्याय, सारांश काही नाही, सरळ नकार. कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात. खोटा कागद फाइलमध्ये बसून राहतो, आणि त्यावर सही तुमची असते.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक कठीण निर्णयाची तारीख, कोणी काय सांगितलं, मी काय केलं आणि त्या माणसाला काय कारण दिलं, एवढ्या चार ओळी. वर्षाअखेरीस ती वाचतो. काही पानांवर 'काय कारण दिलं' ही ओळ रिकामी सापडते. जानेवारीत सगळ्यात आधी त्या माणसांना भेटायला जातो.